बोअरचे पाणी, तीन कोटेशने आणि केसाएवढा धागा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी जळगावात हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचे, धागे काढले, त्याला आता वर्ष होत आले. पण डिस्टिल्ड वॉटरच्या त्या मागणीपत्राची आठवण झाली की अजूनही डोके तापते.

काचेच्या बारीक नळीतून सोडियम अल्जिनेटचे (हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ) आणि तिच्याभोवतीच्या रुंद नळीतून कॅल्शियम क्लोराईडचे द्रावण एकाच दिशेने सोडायचे, एवढीच पद्धत. इतक्या अरुंद जागेत प्रवाह घुसळत नाहीत. कॅल्शियम हळूहळू आत झिरपतो, अल्जिनेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडतो आणि केसासारखा ओला धागा बाहेर पडतो. नळ्या ओढणे, पंप जुळवणे आठवड्यात उरकले.

पुढचे तीन आठवडे मात्र धागा चार बोटे आला की तुटे, नाहीतर नळीचे तोंड बुजे. मी पंपाचा वेग बदलला, नळ्या बदलल्या, अल्जिनेटचे २ टक्क्यांचे द्रावण दीड टक्क्यावर आणले. खिडकीपाशी धरल्यावर द्रावणात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक कण दिसत. ढवळणे कमी पडले असे समजून मी रात्रभर ढवळत ठेवले, तरी कण तसेच. शेवटी प्रयोगशाळेतल्या काकांनी चहाच्या किटलीतला पांढरा थर दाखवला आणि विचारले, "ताई, डिस्टिल्ड वॉटरचे यंत्र बंद पडल्यापासून तुम्ही बोअरचेच पाणी घेता ना?" त्या क्षारयुक्त पाण्यातला कॅल्शियम बीकरमध्येच अल्जिनेट गोठवत होता, आणि मी पंपाला दोष देत होते.

मग मागणीपत्र. बॅटरीच्या दुकानात सहज मिळणाऱ्या पाच लिटरच्या कॅनसाठी कार्यालयाने तीन कोटेशने मागितली, आणि एकावर शिक्का पुसट आहे म्हणून कागद परत आला. सतराव्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने कॅन आणला. पहिल्याच दिवशी आणायला हवा होता.

नव्या द्रावणाचा धागा अखंड आला, पण ओला असताना एका पेपरक्लिपेच्या वजनानेही तुटे. तो ओला असतानाच ताणून, दोन्ही टोके बांधून ताणातच वाळवला, तेव्हा त्याने पाच क्लिपा पेलल्या, कारण ताणामुळे साखळ्या लांबीच्या दिशेने रांगेत येतात. ओला धागा तसाच टेबलावर टाकू नये. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो पाहता पाहता वेडावाकडा आकसतो.

नळी बुजलीच तर सुई खुपसू नये, तोंड फुटते, माझ्या दोन नळ्या तशाच गेल्या. सोडियम सायट्रेटचे द्रावण सोडावे. ते कॅल्शियम ओढून घेते आणि गोळा विरघळतो. काम थांबवताना आधी कॅल्शियम बंद करून त्या नळीतून शुद्ध पाणी सोडले, तर ही वेळ सहसा येत नाही.