वाकनच्या चिखलात आयर्न मेडन

जर्मनीत वाकनला मेटल संगीताच्या फेस्टिव्हलला जातेय हे आईला सांगितलंच नव्हतं मी, दादाला सांगितलं आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे संध्याकाळी डोंबिवलीहून फोन आलाच, "अगं, त्या दारू प्यायलेल्या धटिंगणांत तू काय करणार? आणि तंबूत राहायचं म्हणे?" तिची काळजी खोटी नव्हती. माझी उंची पाच फूट, आणि उत्तर जर्मनीतले मेटलवाले म्हणजे सहा-सव्वासहा फुटी दाढीवाले, अंगात पॅचेस शिवलेली जॅकेटं, हातात सकाळी दहापासून बिअर. तिथे बिअर इतकी लागते की 2017 पासून जमिनीखालून सुमारे सात किलोमीटरची पाइपलाइनच टाकलीय.

वाकन हे श्लेस्विग-होल्स्टाइनमधलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, गायी, मका, कौलारू घरं. हॅम्बुर्गहून इट्सेहोपर्यंत ट्रेन, तिथून बस. 1990 मध्ये गावातल्याच दोन मित्रांनी इथे छोटासा फेस्टिव्हल केला, आता ऑगस्टच्या सुरुवातीला 85 हजार लोक येतात. त्या दिवसांत आख्खं गाव यात कामाला लागतं, आजीबाई कुंपणाशी टेबल मांडून कॉफी आणि केक विकतात, शाळकरी पोरं हातगाडीवर तुमचं सामान ओढून देतात आणि दोन-चार युरो कमावतात. मला एकदम जत्राच आठवली.

मी गेले ते 2023 साली, ज्या वर्षी चिखल झाला. आधी कितीतरी दिवस पाऊस पडत होता, शेताचं दलदल झालेलं, गाड्या ट्रॅक्टरने ओढून आत आणत होते आणि शेवटी बुधवारी 2 ऑगस्टला आयोजकांनी प्रवेशच बंद केला, जे वाटेत होते त्यांना परत फिरा म्हणून सांगितलं. पैसे मिळाले त्यांना परत, पण वर्षभर वाट बघून अर्ध्या रस्त्यातून मागे फिरायचं म्हणजे काय वाटलं असेल. आम्ही ऑफिसातले तिघं सोमवारीच पोचलो होतो म्हणून वाचलो. बुटांवर गुडघ्यापर्यंत चिकटपट्टी गुंडाळून फिरायचं, म्हणजे चिखल बूट ओढून घेत नाही, हे शेजारच्या तंबूतल्या काकांनी शिकवलं, साठीचे असतील. मी एकाच पायाला नीट गुंडाळली, दुसऱ्याला पट्टी संपली. हे लक्षात ठेवा.

गुरुवारी रात्री आयर्न मेडन, इंग्लंडचा जुना मेटल बँड. आता थोडं मागे जाते, कारण नाहीतर मला ते एवढं का लागलं हे कळायचं नाही. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडन मुंबईत बीकेसीला आले होते, त्यांच्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत जगभर फिरत होता तीच टूर. मी कॉलेजात होते आणि दादा मला घेऊन गेला. मी त्याच्या पुढ्यात उभी, त्याने दोन्ही बाजूंनी हात धरलेले, आणि तरीही मागून रेटा आला की दोघंही पुढच्यांवर आपटायचो. त्यातच एकदा मागून कोणाचा तरी हात लागला, आणि चुकून लागलेला हात आणि तो हात यातला फरक आपल्याकडच्या प्रत्येक मुलीला कळतो. मी दादाला काहीच बोलले नाही, त्याचा मूड जाईल म्हणून. अर्धा शो मी पाठ कशी वाचवायची याच विचारात घालवला. स्टेजवर समोर मेडन, आणि मी मागे बघतेय. याचा राग माझ्या मनात पंधरा वर्षं होता.

त्यामुळे वाकनला स्टेजसमोर जाताना पोटात गोळा आला होता. आणि मुंबईच्या माणसाला गर्दीची दुसरीही भीती असते, 2017 साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर काय झालं ते आपण कोणीच विसरलेलो नाही. इकडच्यांचीही एक तशीच आठवण आहे, 2000 साली शेजारच्या डेन्मार्कमध्ये रोसकिल्ड फेस्टिव्हलला पर्ल जॅम या बँडच्या शोत पुढच्या गर्दीत नऊ जण गेले. लोक पडतात, वर दुसरे पडतात, आणि छातीवर एवढा दाब येतो की श्वासच घेता येत नाही, मागच्याला मात्र पुढे काय चाललंय कळत नाही. म्हणून मोठ्या शोमध्ये मैदानात मधेच आडवे मजबूत लोखंडी कठडे असतात, जर्मनमध्ये वेलनब्रेखर म्हणतात, म्हणजे लाट फोडणारे. मागचा रेटा तिथे अडतो, पुढच्यांच्या अंगावर येत नाही. मी असल्या एका कठड्याच्या जरा पुढे जागा धरली.

मेडन सुरू झालं आणि पुढच्या दोन तासांचं मी नीट क्रमाने सांगू शकत नाही. समोर गोल रिकामी जागा झाली आणि लोक त्यात गोल गोल धावायला लागले, सर्कल पिट म्हणतात त्याला, एका कोपऱ्यात वीसेक जण चिखलात एकामागे एक बसून होडी वल्हवल्यासारखे वल्हवत होते, आणि डोक्यावरून माणसं हातोहात पुढे चाललेली, त्यात एक मुलगा व्हीलचेअरसकट! खालचे किती जपून चाकं धरत होते ते मी बघितलं, एकाचा हात सुटला की लगेच दुसऱ्याचा हात तिथे.

आणि मग पिट पसरला आणि मला धक्का बसला आणि मी पडले. तोंडावर. तोंडात चिखल, कानात ड्रम, आणि डोक्यात एकच, आता वरून पाय येणार. नाही आला. एक माणूस माझ्यावर दोन्ही हात पसरून, पाय रोवून उभा राहिला, धावणारे त्याच्या पाठीवर आदळून बाजूने वळत होते, आणि चार-पाच हातांनी मला काखेत धरून सरळ उभं केलं. तीन सेकंद लागले असतील. "आलेस गुट?" सगळं ठीक ना, एवढंच विचारलं, मी मान हलवली आणि सगळे हात बाजूला झाले. एकही हात जास्त वेळ राहिला नाही. मला तिथेच रडू आलं, ते पडल्यामुळे नव्हतं.

उजवा बूट मात्र गेला होता, तोच, पट्टी संपलेला. मी एका पायावर उभी, आणि त्या माणसाने खाली वाकून कोपरापर्यंत हात घालून चिखलातून बूट उपसला, उलटा करून त्यातलं पाणी ओतलं आणि माझा हात आपल्या खांद्यावर ठेवून मला तो घालू दिला. दंडावर टॅटू, तोंडाला बिअरचा भपकारा. आई ज्यांना घाबरत होती त्यातलाच.

तिकडे वाईट होतच नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. होतं, म्हणूनच तर जर्मनीतल्या बऱ्याच फेस्टिव्हलमध्ये 'पनामाला कुठून जायचं' असं स्टाफपैकी कोणालाही विचारायची सोय आहे, मग ते एकही प्रश्न न विचारता तुम्हाला सुरक्षित जागी नेतात. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या शोला, गणपतीत, दहीहंडीला असं काहीतरी हवं आणि ते जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

बूट घालून सरळ झाले, थोड्या वेळाने 'अलेक्झांडर द ग्रेट' सुरू झालं. 1986 च्या अल्बममधलं गाणं, त्यांनी ते 2023 पर्यंत कधीच लाइव्ह वाजवलं नव्हतं, आणि आमच्या घरी दादाच्या कॅसेटवर ते इतक्या वेळा वाजलंय की शेवटी टेप ओढली जायची. मागे ड्रमवर 71 वर्षांचा निको मॅकब्रेन. त्याच वर्षी जानेवारीत त्याला स्ट्रोक येऊन उजवी बाजू लुळी पडली होती, हे मी घरी आल्यावर वाचलं आणि परत एकदा डोळे भरले. ते गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तंबूत आल्यावर दादाला फोन लावला, तिकडे पहाट. बीकेसीतलं ते सगळं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तेव्हाच सांगायचंस गं." आणि थोड्या वेळाने, "अलेक्झांडर पूर्ण वाजवलं?"

पूर्ण वाजवलं, म्हटलं.