'अप' सुटला, आता 'टू'

मंडळी, इंग्रजी वाक्यांतल्या प्रत्येक शब्दाला त्याच्या जातीची खूण लावायच्या सरावात तीन आठवडे छळणारा 'अप' काल रात्री सुटला! 'दॅट'वर पुढचं टिपण देईन म्हटलं होतं, ते थोडं लांबेल.

रोजची 10 वाक्यं चालू आहेत. त्यातून अप, ऑफ, ओव्हर, आफ्टरवाली 40 वेगळी काढली, पेन ट्रीबँक या पद्धतीच्या, शब्दांची जात दाखवणाऱ्या खुणा केल्या आणि ताडून पाहिल्या, तर 11 चुकलेली. त्यातल्या 9 चुका एकाच जातीच्या.

माझा नियम अर्थावर होता. क्रियापद आणि पुढचा शब्द मिळून नवाच अर्थ निघाला तर तो शब्द पार्टिकल, म्हणजे क्रियापदाचाच जोडीदार; त्याची खूण आरपी. नाहीतर शब्दयोगी, त्याची खूण आयएन. 'शी लुक्ड अप द वर्ड' इथे मान वर करून कुणी बघत नाही, म्हणून आरपी. 'द प्लंबर लुक्ड अप द पाइप' इथे खरंच वर बघणं आहे, म्हणून आयएन. दोन्ही बरोबर आली आणि तिथेच फसगत झाली. 'शी लुक्ड आफ्टर द चाइल्ड'मध्येही 'आफ्टर'चा 'नंतर' कुठे उरतो? मी आरपी लावला. चूक. 'ही गॉट ओव्हर द इलनेस', तेही चूक.

अर्थ बाजूला ठेवून कर्माच्या जागी सर्वनाम घातलं, तेव्हा उलगडा झाला. शब्दाच्या बाबतीत 'लुक्ड इट अप'च म्हणतात. पाइपच्या बाबतीत 'लुक्ड अप इट'. 'लुक्ड हर आफ्टर' कुणीच म्हणत नाही, म्हणजे तिथला 'आफ्टर' शब्दयोगीच. नाम असताना पार्टिकल नामाच्या अलीकडेही बसतो, पलीकडेही. सर्वनाम आलं की पार्टिकलला त्याच्या पलीकडेच जावं लागतं.

मराठीत हा त्रास नाही. 'झाडावर'मधला 'वर' नामाला जोडून लिहितो, 'वर बघ'मधला सुटा, डोळ्यालाच कळतं. इंग्रजीत दोन्ही सुटेच. म्हणून आता पेन्सिलीने कमान काढतो: पार्टिकल असेल तर डावीकडे क्रियापदाशी, शब्दयोगी असेल तर उजवीकडे नामाशी. 40 वाक्यं पुन्हा केली, 38 बरोबर! फार दिवसांनी वही मिटताना समाधान वाटलं.

उरलेल्या दोनांत कर्मच नाही. 'द प्लेन टुक ऑफ'मध्ये सर्वनाम घालणार कुठे? तिथे हाकललेल्या अर्थालाच परत बोलवावं लागतं. एका फुकट टॅगरला, म्हणजे आपोआप खुणा लावणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारून पाहिलं, तर त्याने पाइपवाल्या 'अप'लाही आरपी दिला. यंत्राकडून ताडून घ्यायचं तर आधी आपली खूण करा, मग त्याची बघा.

हे लिहिता लिहिता सुचलं, 'टू'लाही हीच चाचणी लागेल. 'आय ऍम यूज्ड टू स्विमिंग'चं 'यूज्ड टू इट' होतं, म्हणजे शब्दयोगी. 'आय यूज्ड टू स्विम'चं होत नाही. पण पेनच्या 36 खुणांत दोन्ही 'टूं'ना एकच खूण आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या दुसऱ्या पद्धतीच्या 17 खुणांत तो भेद आहे, पण तिथे पार्टिकल 'अप' आणि शब्दयोगी 'अप' एडीपी या एकाच खुणेखाली जातात. एक पद्धत इथे आंधळी, दुसरी तिथे.

तेव्हा बेत बदलला. उद्यापासून वहीत दोन रकाने, प्रत्येक शब्दाला दोन्ही पद्धतींच्या खुणा. 'टू'ची 20 वाक्यं काढून ठेवली आहेत. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' सगळ्यात वर.