गोळी दाबताना नाही, सोडताना फुटते

पॅरासिटामॉलच्या बॅचवर काम केलेल्या कोणालाही विचारा, कॅपिंग, म्हणजे गोळीचं वरचं टोपण निघून येणं, काय ताप असतो ते. गोळ्या दाबायच्या मशीनमधून, म्हणजे प्रेसमधून, गोळी मस्त निघते अन फ्रायबिलिटीच्या (गोळी किती झिजते-तुटते ते बघायच्या) ड्रमात 100 फेरे झाले की वरचा थर चकतीसारखा वेगळा. मग पहिला उपाय ठरलेला, प्रेशर वाढवा. बरेचदा त्यानेच अजून बिघडतं, कारण गोळी दाबताना नाही फुटत भाऊ, दाब सोडताना फुटते.

पावडर दाबली की आधी कण सरकून फटी भरतात, मग ज्याचा त्याचा स्वभाव दिसतो. गोळीत भर म्हणून घालतात त्यातलं मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज चेपून एकमेकाला धरतं, डायकॅल्शियम फॉस्फेटचे कण तुटतात, अन पॅरासिटामॉल दाब गेला की बऱ्यापैकी परत उसळतं. वरचा पंच, म्हणजे दाबणारा दांडा, उचलला की गोळी उभी वाढायला बघते पण डायची, म्हणजे साच्याची, भिंत तिला बाजूने अजून धरूनच असते, त्या ओढाताणीत कडेला शिअर (थरावर थर सरकवणारा ताण) येतो आणि तिथून चीर निघते.

हेकेलचं 1961चं समीकरण दाब अन घनतेचा संबंध सांगतं, पण अख्ख्या गोळीची मिळून एकच घनता, आत कुठे घट्ट कुठे सैल ते कळत नाही. त्यासाठी फायनाइट एलिमेंट लागतं, म्हणजे गोळीचे बारीक तुकडे मानून कॉम्प्युटरवर एकेकाचा हिशेब, अन त्यात बहुतेकदा पावडर कधी चेपते कधी तुटते ते सांगणारं ड्रकर-प्रागर कॅप मॉडेल, ज्याचं मूळ 1952च्या मातीच्या गणितात आहे. पायाखालची माती अन औषधाची गोळी एकाच हिशेबात बसते, मला हे फार भारी वाटतं!

पण मॉडेलला आकडे खरे द्यावे लागतात. नुसता पंचावरचा फोर्स पुरत नाही, भिंतीवरचा आडवा दाब मोजायला सेन्सरवाली डाय पाहिजे, घर्षण पाहिजे, गोळी व्यासावर तोडायची अन उभी दाबून तोडायची अशा दोन्ही टेस्ट पाहिजेत. आपण हार्डनेसचे, म्हणजे गोळी तोडायला लागलेल्या फोर्सचे, न्यूटन लिहून मोकळे होतो, पण जाडी बदलली की ती तुलनाच चालत नाही. सपाट गोळी असेल तर फोर्सची दुप्पट करून पाय (π), व्यास अन जाडीच्या गुणाकाराने भागा, टेन्साइल स्ट्रेंथ (ताण सोसायची ताकद) मिळते, ती लिहा.

आणि नागपुरात ओलाव्याची नोंद तर हवीच हवी. मेमधे हवा ठणठणीत कोरडी, जुलैत सगळं दमट, अन एसी नसलेल्या लॅबमधे तीच ग्रॅन्युल्स (दाबायच्या आधीचे पावडरचे दाणे) दोन्ही महिन्यांत सारखी वागत नाहीत, जास्त सुकली की कॅपिंग वाढतं.

बुटीबोरी-हिंगण्यातल्या कारखान्यांतल्या दोस्तांनो, प्रेशर वाढवायच्या आधी एकदा स्पीड कमी करून बघा, प्री-कम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) थोडं वाढवून बघा, आतली हवा निघायला वेळ मिळतो.