मॅचचा बर्फ

जळगाव जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी आरएसी ट्रेडचा निदेशक आहे. फ्रिज, एसी, कोल्ड स्टोरेज सांभाळणारी पोरं तयार करणं हे माझं काम. एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी ब्राइनचा धडा होता. मिठाचं पाणी शून्याच्या खाली जाऊनही का गोठत नाही, हे नुसतं फळ्यावर सांगितलं तर पोरांच्या डोक्यात उतरत नाही. म्हणून प्रोजेक्टरवर आइस हॉकीची मॅच लावली. तीही मुद्दाम वीस वर्षांखालच्या मुलांच्या जागतिक स्पर्धेतली, तिसऱ्या डिव्हिजनची.

या स्पर्धेची उतरंड मला फार आवडते. सगळ्यात वर कॅनडा, स्वीडन, फिनलंडसारखे दहा संघ. खाली पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनचे दोन-दोन गट, प्रत्येकात सहा संघ. जिंकलेला वर चढतो, शेवटचा खाली येतो. आणि अगदी तळाला तिसरी डिव्हिजन. तिथे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान अशा देशांची मुलं खेळलेली आहेत. म्हणजे घराबाहेर बर्फ पडेल याची वाट बघून ज्यांचं भागत नाही, अशीच बरीचशी. वय माझ्या पोरांएवढंच.

पोरं आधी धक्काबुक्कीला हसली, मग गप्प झाली. दोन मिनिटांची शिक्षा झालेला खेळाडू काचेमागे जाऊन बसला आणि त्याचा संघ एका माणसाविना लढू लागला, तेव्हा तर कोणी हलेना. तेवढ्यात अमळनेरकडचा एक पोरगा उठला.

"सर, हाऊ बरफ कोन करस?"

अकरा वर्षं शिकवतोय, पण इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, बघत होते, हा खालचा बर्फ बघत होता. मी प्रोजेक्टर थांबवला. साठ मीटर लांबीच्या त्या मैदानाखाली काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं असतं, नळ्यांतून थंडगार ब्राइन फिरतं, आणि वरचा बर्फ जेमतेम तीन सेंटिमीटर जाड असतो, हे सांगितलं. प्लांट मात्र आपल्या बर्फाच्या कारखान्यातलाच: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, अमोनिया.

"मग आपण करू ना," रावेरचा पोरगा म्हणाला.

शनिवारी प्रात्यक्षिक होतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री, कार्यशाळेवर पत्रे. एक टनी एसीचं जुनं युनिट होतं, त्याची कॅपिलरी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी, बदलली. चार बाय तीन फुटांच्या ट्रेमध्ये थर्माकोल, त्यावर नागमोडी वाकवलेली तांब्याची नळी, वर ओली वाळू. इथे ब्राइन नाही, नळीतून थेट गॅसच फिरणार होता. ब्रेझिंग पोरांनीच केलं. मी फक्त लीक टेस्ट आणि व्हॅक्यूमला जवळ उभा राहिलो. दीड तासात वाळू दगडासारखी झाली आणि पोरांनी उत्साहात तिच्यावर एकदम बादली ओतली.

चूक माझी होती, मी थांबवायला हवं होतं. पाणी खालून आणि कडेने गोठत गेलं, मधलं अडकलं, मग मधोमध फुगवटा आला आणि तडकला. बर्फ पांढराफट्ट, बुडबुड्यांनी भरलेला. पोरांचे चेहरे उतरले.

भुसावळच्या एका पोराचे वडील बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर. एरवी वर्गात तोंड न उघडणारा तो पोरगा म्हणाला, "सर, बाबा डब्यात हवेची नळी सोडतात. पाणी हलत राहिलं तरच लादी काचेसारखी निघते. इथे हलवता येणार नाही. पाणी उकळून घेऊ, आणि थोडं थोडं मारू."

बरोबर तेच! रिंकवर, म्हणजे आइस हॉकीच्या मैदानावर, बर्फ असाच थरावर थर फवारून चढवतात. पांढरा रंग आणि रेघासुद्धा थरांच्या मध्येच असतात, वर नाही. विश्रांतीत जी गाडी फिरते ती बर्फ तासते आणि मागे गरम पाणी पसरत जाते. गरम पाण्यात हवा कमी असते आणि ते खालचा थर किंचित वितळवून त्याला घट्ट धरतं. ती गाडी 1949 मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनीने बनवली. त्याचा मूळ धंदा बर्फाच्या लाद्यांचा. रेल्वेने दूर जाणारा भाजीपाला त्याच्या बर्फावर टिकायचा. हे ऐकल्यावर रावेरच्या पोराने आमच्या केळीच्या वॅगनींची आठवण काढली, आणि भुसावळचा पोरगा पहिल्यांदाच मान वर करून बसला.

तडकलेला बर्फ खरवडून काढला. रावेरचा पोरगा केळीवर फवारणी करायचा कोरा पंप घेऊन आला. पाणी उकळलं, कोमट झालं की एक हलका हात मारायचा, गोठू द्यायचं, परत एक हात. बारा-तेरा हात झाले. मध्ये चुन्याचा पातळ हात फिरवून पांढरं केलं, लाल धाग्याची मधली रेघ टाकली. दोन वाजता ट्रेमध्ये बोटभरही जाड नसलेला, पण नितळ बर्फ होता. धाग्याचा पीळ दिसत होता.

पक म्हणून रबरी पॅड गोल कापून फ्रीजरमध्ये ठेवला होता. खरा पकही मॅचआधी गोठवतात, म्हणजे तो उसळत नाही. अमळनेरच्या पोराने बोटाने टिचकी मारली. पक आवाज न करता सरळ पलीकडच्या काठाला जाऊन थडकला. सगळे ओरडले. शेजारच्या वेल्डर ट्रेडची पोरं धावत आली.

सव्वादोनला लाइट गेली.

कोणीही मला विचारलं नाही. भुसावळच्या पोराने गोणपाट आणलं, दोघे सुतारकामाच्या शेडमधून भुसा घेऊन आले, आणि बर्फ प्लास्टिकच्या कागदाखाली गाडून टाकला. पन्नास मिनिटं ती पोरं घामाने निथळत ट्रेभोवती बसून राहिली. लाइट आली, युनिट घरघरलं, सक्शन लाइनवर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर, पुन्हा पांढरा बर्फ चढला. गोणपाट काढलं तेव्हा वर पाण्याचा पातळ थर होता, खाली रेघ जागच्या जागी.

त्यांना मी देशातल्या रिंकबद्दलही सांगितलं. लेहमध्ये थंडीत तळी गोठतात. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधलं, ते वर्षानुवर्षं बंद राहिलं आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथे प्लांट कोण चालवतं, असं लगेच दोघांनी विचारलं.

सोमवारी जर्नल तपासायला आली. 'कामाचे नाव' या रकान्यात बाकीच्यांनी मी सांगितलेलं 'डायरेक्ट एक्स्पान्शन पद्धतीने बर्फ तयार करणे' लिहिलं होतं. भुसावळच्या पोराने लिहिलं होतं, 'मॅचचा बर्फ'. मी खाली सही केली.