बीएल लॅसर्टी: नुसता उजेड मोजून काय कळतं?

नागपुरातून तारे दिसतच नाहीत असं रडणाऱ्यांना मी सरळ पेंचला जा म्हणतो, सिल्लारीकडे, २०२४ च्या जानेवारीत त्याला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांच्या मधल्या पट्ट्यात बीएल लॅसर्टी आहे, डोळ्यांनी दिसत नाही, टेलिस्कोप आणि कॅमेरा लागतो. १९२९ मध्ये होफमायस्टरने हा रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा म्हणून नोंदवला आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं सगळे ह्याला आपल्याच आकाशगंगेतला तारा समजत होते. १९६८ ला रेडिओ लहरी सोडणाऱ्या एका सोर्सशी जुळला, मग कळलं की ही तर साधारण ९० कोटी प्रकाशवर्षांवरची गॅलक्सी, आणि तिच्या कृष्णविवराजवळून निघालेला जेट, म्हणजे कणांचा वेगवान झोत, जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला. एरवी चौदा-पंधरा मॅग्निट्यूड असते (आकडा जितका कमी तितका उजेड जास्त), ऑगस्ट २०२१ ला बाराच्याही अलीकडे आली होती, आणि आपल्याकडे तेव्हा पावसाळा, म्हणजे बोंबला!

आता माझं म्हणणं ऐका. आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे उजेडाचेच आलेख टाकतात. पण जेटमध्ये इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालत प्रकाश फेकतात, तो प्रकाश पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी जास्त करून एकाच दिशेत कंप पावतात, आणि कंपनाची दिशा क्षेत्राला काटकोनात, म्हणजे पोलरायझेशन मोजलं की तिथल्या क्षेत्राची दिशाच हाती लागते. क्षेत्र सगळं एका दिशेने असतं तर पोलरायझेशन ७० टक्क्यांच्या आसपास गेलं असतं, प्रत्यक्षात कधी चार-पाच तर कधी वीसच्या वर, कारण आत गुंतागुंत फार. कधीकधी उजेड वाढत असताना पोलरायझेशनचा कोन हळूहळू फिरत जातो, नुसत्या उजेडाच्या आलेखात हे कुठून दिसणार?

अशाच दुसऱ्या गॅलक्सीचं, मार्केरियन ५०१ चं बघा, २०२२ ला आयएक्सपीई उपग्रहाने एक्स-रे पोलरायझेशन १० टक्के मोजलं, दृश्य प्रकाशाच्या जवळपास दुप्पट, त्यावरून इलेक्ट्रॉनला वेग जेटमधल्या शॉकमध्ये (धक्का-लहरीत) मिळतो हे पटलं.

करून बघायचं असेल तर कॅमेऱ्यापुढे साधा लिनियर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पार करणारा फिल्टर) लावा, आधी फुटाळा तलावावर तो फिरवून पाण्यावरची चमक कशी कमी-जास्त होते ते बघा, मग ०, ४५, ९०, १३५ अंशांवर फोटो घ्या आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघा. चार-पाच टक्क्यांचा फरक घरच्या सेटअपमध्ये गोंगाटात बुडेल, वीसचा मात्र पकडता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, फक्त चांदण्या रात्री नको, चंद्रामुळे आकाशाचा उजेडही पोलराइज्ड होतो.