गुहागरची पडवी आणि दाव्याला बांधलेलं झुरळ

गुहागरला तीन दिवस होतो. समुद्र, व्याडेश्वर, हेदवीच्या बामणघळीत उसळणारं भरतीचं पाणी, सगळं झालं, पण डोक्यातून जात नाहीये ती दुसऱ्या दिवशीची होमस्टेच्या पडवीतली सकाळ.

काकूंनी घावनं आणून ठेवली आणि पायरीपाशी झुरळ दिसलं. मी पाय वर घेतले. मग बघतो तर त्याच्यापुढे एक चकचकीत निळी-हिरवी, लाल मांड्यांची गांधीलमाशी त्याची मिशी तोंडात धरून उलटी चालतेय आणि तिच्याहून मोठं ते झुरळ दाव्याला बांधलेल्या गाईसारखं गुमान मागून येतंय! सहाही पाय धड, तरी पळत नाही. मी जोरात पाय आपटला तरी नाही.

"कुंभारीण असेल हो," काकू म्हणाल्या. पण कुंभारीण मातीचं घर बांधते, ही वेगळी, अँप्युलेक्स कॉम्प्रेसा, हिच्याबद्दल मी वाचलं होतं. आधी झुरळाच्या छातीत डंख मारते, पुढचे पाय दोन-चार मिनिटं लुळे पडतात, तेवढ्यात दुसरा डंख थेट मेंदूत. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली किरणोत्सारी विषाच्या माश्या तयार करून ते विष मेंदूतच उतरतं हे दाखवलं. त्यानंतर झुरळ अर्धा तास स्वतःचं अंग साफ करत बसतं आणि मग त्याची आपणहून चालायची इच्छाच जाते. चालवलं की चालतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतले दादा स्प्रे घेऊन धावत आले, "खायच्या जागी झुरळ, आम्ही पैसे भरलेत" वगैरे. मी मध्ये उभा राहिलो, आवाजही चढला माझा. अहो, झुरळाची किळस मलाही येते, पण असं काही समोर चाललेलं असताना दोन मिनिटं थांबून बघावंसं वाटू नये?

माशीने झुरळाला चिऱ्यांच्या फटीत नेलं, बऱ्याच वेळाने एकटीच बाहेर आली आणि बारीक खडे आणून तोंड बुजवायला लागली. आत झुरळाच्या पायावर तिचं अंडं. तीनेक दिवसांनी अळी निघणार, त्या जिवंत झुरळाला आतून खाणार, त्याच्यातच कोश करणार. झुरळासाठी माझ्या पोटात कालवलं, आयुष्यात पहिल्यांदा.

नवी माशी बाहेर यायला साधारण सहा आठवडे लागतात. निघताना काकूंना म्हटलं, तेवढे दिवस तिथे फिनाईल नका ना ओतू. त्या काही बोलल्या नाहीत, तुळशीजवळची रिकामी कुंडी उचलून आणली आणि फटीला वाट राहील अशी पुढ्यात ठेवली.