योर्ग विडमान ऐकताना

हल्ली माझ्या कानात योर्ग विडमानच असतो. १९७३ चा, म्युनिकचा, क्लॅरिनेट वाजवतो, कंपोझर आहे, शिवाय ऑर्केस्ट्राही कंडक्ट करतो. तीन करिअर आहेत असं त्याच्याबद्दल लिहितात, मला मात्र ते सगळं एकाच फुंकेतून आलेलं वाटतं.

क्लॅरिनेटसाठी जे मोठं संगीत आहे त्यात बहुतेकदा लिहिणारा एक नि वाजवणारा दुसरा. मोझार्टने श्टाडलर या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलं, ब्राम्सने तर लिहिणं थांबवायचंच ठरवलं होतं पण म्युलफेल्डचं क्लॅरिनेट ऐकलं आणि १८९१ मध्ये ट्रिओ आणि क्विंटेट दोन्ही लिहून मोकळा झाला. विडमानमध्ये ही दोन्ही माणसं एकत्र आहेत, आणि त्याने काय फरक पडतो ते १९९३ च्या 'फँटसी'त कळतं. सोबतीला कुणी नाही, एकटं क्लॅरिनेट, तेव्हा तो विशीचा होता.

सुरुवातच मल्टिफोनिकने. क्लॅरिनेटमधून एरवी एका वेळी एकच सूर निघतो, पण बोटं नेहमीपेक्षा वेगळी ठेवली आणि रीडवरचा (तोंडाशी असलेल्या वेताच्या पातळ पातीवरचा) ओठांचा दाब अगदी नेमका सांभाळला की नळीत एकदम दोन-तीन सूर जागे होतात, जरा खरखरीत, थरथरणारे. नवशिक्याकडून चुकून असा आवाज निघाला तर लगेच थांबवतात त्याला. विडमान तिथूनच सुरू करतो! मग घसरत जाणारे सूर, उड्या, मधेच नाचाची लय, थोडा जॅझचा वास. हे ज्याच्या ओठांना आणि बोटांना आधीच माहीत होतं त्यानेच लिहावं.

त्याचे गुरू वोल्फगांग रीम यांनी १९९९ मध्ये क्लॅरिनेट आणि ऑर्केस्ट्रासाठीची एक रचना त्यालाच अर्पण केली, मला हे फार भारी वाटतं. २००१ पासून तो स्वतः फ्रायबुर्गला क्लॅरिनेट शिकवायला लागला. तिथलीच २००६ ची 'एको-फ्राग्मेंटे', तिच्यात एक आधुनिक ऑर्केस्ट्रा आणि एक बरोक ऑर्केस्ट्रा (जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवणारा), दोघांची ट्यूनिंग वेगळी, बरोकवाले खालच्या पट्टीत, आणि मधे सोलोवर हा. दोन पट्ट्यांच्या मधल्या त्या फटीत सूर धरून ठेवणं म्हणजे कानाची केवढी परीक्षा!

'कॉन ब्रिओ' (२००८) बहुतेकांनी ऐकलेली असते. बेथोवेनच्या सातव्या-आठव्या सिंफनीसोबत वाजवायला लिहिलेली, वाद्यंही त्यातलीच, पण फुंकणारे मधेच सूर न काढता नुसती हवा सोडतात आणि टिंपनीवाला (मोठे नगारे वाजवणारा) कातड्याऐवजी कडेवर वाजवतो. इथेही क्लॅरिनेटवालाच लिहितोय हे ऐकू येतं.

२०१७ मध्ये हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत झालेलं 'आर्खे' मात्र प्रचंड आहे, कोरस वगैरे सगळं, तिथे माझं मन तितकं रमत नाही. नव्याने ऐकणार असाल तर 'फँटसी'च लावा, हेडफोनवर, म्हणजे त्याचा श्वास घेतलेलाही ऐकू येईल.